वाळली, पण जुळली नाही

पेट्री डिशवरचं झाकण उचललं आणि हात तसाच थांबला. आदल्या संध्याकाळी त्या काचेच्या ताटलीत मी नॅफिऑन या पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या प्लॅस्टिकचं, द्रावण ओतलं होतं, त्याची पातळ फिल्म मिळावी म्हणून. पाण्यासारखं निवळ, जरासं दाट, अल्कोहोलचा वास असलेलं. रात्रभर ते उघड्या हवेत वाळलं होतं. सकाळी ताटलीत जे उरलं होतं, ते मे महिन्यातल्या पाझर तलावाच्या तळासारखं दिसत होतं. भेगाच भेगा. नखाएवढे पारदर्शक तुकडे, प्रत्येकाच्या कडा वर वळलेल्या. एक तुकडा चिमट्यात धरला तर त्याचे दोन झाले. त्यातला एक धरला, त्याचा चुरा झाला.

त्या तपकिरी बाटलीतलं द्रावण परदेशातून यायचं. मागवल्यापासून हातात पडेपर्यंत तीन-चार महिने जायचे, आणि त्यातले वीस मिलिलिटर मी एका रात्रीत घालवले होते. सर आले. ताटली खिडकीपाशी नेऊन त्यांनी उजेडात तिरपी धरून पाहिली. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ते एवढंच म्हणाले, "वाळली आहे गं. जुळली नाही." मग त्यांनी एका तुकड्यावर पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणाचे चार थेंब टाकले. तुकडा बघता बघता विरघळून गेला. "बघ. आत काही धरून ठेवणारं असतं, तर नुसता फुगला असता."

पुण्यातली माझी पीएच.डी.ची पाच वर्षं त्या 'जुळणं' या शब्दामागे गेली. आज इतक्या वर्षांनी माझे विद्यार्थी ताटल्या भरतात, आणि अजूनही माझं लक्ष आधी कडांकडे जातं, भेग कुठे सुरू होतेय का ते बघायला.

ही फिल्म कशासाठी हवी होती ते आधी सांगते. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटात, म्हणजे फ्युएल सेलमध्ये, एका बाजूने हायड्रोजन येतो आणि दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. दोघं थेट भेटले तर आग. म्हणून मध्ये पडदा घालायचा आणि त्यांची गाठ बेताने घालून द्यायची. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन प्लॅटिनमवर सुटा होतो आणि बाहेरच्या तारेने फिरून येतो. तीच आपली वीज. उरलेला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो. पलीकडे दोघं ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. म्हणजे पडद्याने प्रोटॉन जाऊ द्यायचे, इलेक्ट्रॉन अडवायचे आणि दोन्ही वायू एकमेकांपासून लांब ठेवायचे. पहिल्या कामासाठी तो जितका पातळ तितका बरा, शेवटच्या कामासाठी जितका जाड तितका बरा. मी काम सुरू केलं तेव्हा प्रयोगशाळांमध्ये सर्रास वापरायची ती नॅफिऑन ११७ ही फिल्म साधारण १८० मायक्रॉन जाडीची असायची, म्हणजे दोन केस एकावर एक ठेवावेत तेवढी. आज मोटारींमध्ये १०-१५ मायक्रॉनचे पडदे बसवतात. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल जेमतेम एवढीच असते. एवढ्याशा पापुद्र्याच्या एका अंगाला हायड्रोजन आणि दुसऱ्या अंगाला ऑक्सिजन, तेही ८० अंश सेल्सिअसच्या दमट उष्णतेत, वर्षानुवर्षं.

नॅफिऑन हे अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात घडवलं. त्याचा कणा टेफ्लॉनचा. त्या कण्याला मधूनमधून फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला सल्फॉनिक आम्लाचा गट. टेफ्लॉन पाण्याला अंगाला लावून घेत नाही, आम्लाचं पाण्यावाचून चालत नाही. दोघं एकाच साखळीला बांधलेले, त्यामुळे वेगळं व्हायची सोय नाही. मग आम्लाची टोकं एकमेकांजवळ येतात, पाणी धरून ठेवतात आणि काही नॅनोमीटर रुंदीचे ओहोळ तयार होतात. टेफ्लॉनचे कणे बाहेर राहून त्या ओहोळांचे काठ होतात. प्रोटॉन त्या पाण्यातून जातो आणि बराचसा रस्ता तो हातोहात कापतो, एका रेणूकडून दुसऱ्याकडे. आग लागल्यावर विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी राहून घागरी पुढे सरकवतात ना, तसा. घागर पोहोचते, माणूस जागचा हलत नाही. पाण्यातून वीज अशी हातोहात जात असावी ही कल्पना रसायनशास्त्रज्ञ ग्रोटुस यांनी १८०६ मध्ये मांडली. प्रोटॉन हे नावसुद्धा तेव्हा जन्मलेलं नव्हतं.

आता अडचण बघा. वीज जास्त हवी तर ओहोळ रुंद हवेत, म्हणजे आम्लाची टोकं वाढवायला हवीत. ती वाढली की पडदा जास्त पाणी पितो, फुगतो आणि काठ खचायला लागतात. नॅफिऑन ११७ च्या उत्पादकांच्या माहितीपत्रकातच हे दिसतं: अर्ध्या दमट हवेत ताणाला विरोध करण्याचा तिचा अंक साधारण २४९ मेगापास्कल, आणि पाण्यात भिजल्यावर ११४. निम्म्याहून कमी. शिवाय भिजल्यावर ती लांबीला दहाएक टक्के वाढते. हातभर पट्टी दोन-अडीच बोटं वाढावी तशी. ज्या पाण्यावर तिचं काम चालतं, तेच पाणी तिला मऊ करतं.

इंग्रजीत ज्याला टफनेस म्हणतात त्याला पाठ्यपुस्तकांत 'दृढता', 'कणखरपणा' असे शब्द सापडतात. मला 'चिवटपणा' हाच शब्द खरा वाटतो, कारण आपण तो नेमका त्याच अर्थाने वापरतो. काच कडक असते, पण चिवट नसते. शेवग्याची फांदी जाड असली तरी भार आला की काडकन मोडते; निरगुडीचा फोक बोटाएवढा असतो, पण पिळा, वाकवा, मोडता मोडत नाही, म्हणून त्याच्या कणग्या विणतात. शेवगा 'मजबूत' दिसतो. निरगुडी चिवट असते. हा फरक गावाकडच्या कुणालाही सांगावा लागत नाही. साहित्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र तो आलेख काढून शिकवावा लागतो.

आलेख असा: फिल्मची डंबेलच्या आकाराची पट्टी कापायची, दोन जबड्यांत धरायची आणि हळूहळू ताणायची. किती जोर लागला आणि किती लांबली, याची रेषा कागदावर उमटत जाते. कडक पण ठिसूळ पदार्थाची रेषा उभी चढते आणि मध्येच तुटते. मऊ लिबलिबीत पदार्थाची रेषा जमिनीलगत लांबवर जाते. चिवट पदार्थाची रेषा आधी चढते, मग एका ठिकाणी वाकते आणि वाकून पुढे जात राहते. त्या रेषेखालचं सगळं क्षेत्रफळ म्हणजे तुटण्याआधी त्या पट्टीने गिळलेली ऊर्जा. मी आणखी एक करायचे: पट्टीच्या कडेला ब्लेडने बारीक चीर द्यायची आणि मग ताणायची. धडधाकट पट्टी किती ताण घेते याला माझ्या लेखी फारसं मोल नव्हतं. चीर पडलेली पट्टी किती वेळ तग धरते, हे मला बघायचं असायचं. घटात बसलेल्या पडद्याला कुठे ना कुठे चीर असतेच: इलेक्ट्रोडचा एखादा कार्बनचा धागा रुतलेला, चौकटीच्या काठाची धार, फिल्म ओतताना राहिलेला बुडबुडा. चीर पडू नये एवढीच काळजी घेणारा पदार्थ मोटारीत टिकत नाही. पडलेली चीर पुढे जाऊ नये याची सोय त्याच्या अंगात हवी.

ही गोष्ट माणसाला पहिल्यांदा चांगली महागात पडली ती अंतराळाच्या वाटेवर. १९५५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या थॉमस ग्रब यांनी इंधनघटात द्रव आम्लाऐवजी आयन वाहून नेणारा घन पडदा वापरायची कल्पना मांडली. त्यांचे सहकारी लिओनार्ड निड्राक यांनी पुढे त्यावर प्लॅटिनम बसवायची रीत काढली. नासाने जेमिनी यानांसाठी हा घट निवडला, कारण आठ-पंधरा दिवसांच्या उड्डाणाला पुरतील एवढ्या बॅटऱ्या फार जड झाल्या असत्या. ऑगस्ट १९६५ मध्ये गॉर्डन कूपर आणि पीट कॉनराड जेमिनी ५ मधून आठ दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि इंधनघट पहिल्यांदा माणसांसोबत अंतराळात गेला. त्या उड्डाणात ऑक्सिजनच्या टाकीचा दाब घसरला आणि वीज वाचवत दिवस काढावे लागले. तो दोष पडद्याचा नव्हता. पडद्याचा दोष वेगळा होता. तो सल्फॉनिक आम्ल जोडलेल्या पॉलिस्टायरिनचा होता. त्याच्या साखळीतले कार्बन-हायड्रोजनचे दुवे घटात तयार होणारी तिखट रसायनं एकेक करून तोडत. पडद्याचं आयुष्य काहीशे तासांचं. घटात जे पाणी तयार व्हायचं, त्यात पडद्यातून सुटलेले पदार्थ उतरायचे, म्हणून अंतराळवीरांना ते पाणी पिता आलं नाही.

डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ७ जवळजवळ चौदा दिवस राहिलं. तेवढ्याला तो पडदा पुरला. पण चंद्राच्या मोहिमांसाठी नासाने इंग्रज अभियंते बेकन यांच्या पद्धतीचा अल्कधर्मी घट घेतला, ज्यात असा पॉलिमरचा पडदाच नव्हता, आणि त्यातलं पाणी अंतराळवीर प्याले. मला या इतिहासात नेहमी वाटत आलंय, की कल्पना बरोबर होती, रचना बरोबर होती, माणसं हुशार होती. कमी पडला तो पापुद्रा. पुढे नॅफिऑन आलं, कार्बन-हायड्रोजनच्या जागी कार्बन-फ्लोरिनचे दुवे आले, जे सहजी तुटत नाहीत, आणि पडद्याचं आयुष्य तासांवरून वर्षांवर गेलं. नॅफिऑनला पहिलं मोठं काम मिळालं ते मात्र इंधनघटात नाही, मिठाच्या पाण्यातून क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा काढायच्या कारखान्यांत. तिथे पूर्वी पाऱ्याचे घट असायचे. पडद्याने पाऱ्याला तिथून हटवलं, आपल्याकडच्या कारखान्यांतूनही. घरात कपडे धुवायचा साबण येतो, त्यासाठी लागणाऱ्या कॉस्टिकच्या मागे कुठेतरी असा पडदा ताणलेला असतो.

पुन्हा माझ्या ताटलीकडे येते.

सरांनी मला मूर आणि मार्टिन यांचा १९८६ चा शोधनिबंध वाचायला दिला. त्यांनी हेच पाहिलं होतं: अल्कोहोल-पाण्यातून साध्या तापमानाला वाळवलेलं नॅफिऑन चिखलासारखं तडकतं आणि पुन्हा विरघळतं, तेच उच्च तापमानाला उकळणाऱ्या द्रावकातून, गरम ठेवून वाळवलं तर कारखान्यातल्या फिल्मसारखं चिवट होतं. पदार्थ तोच, वजन तेच, रसायन तेच. फरक फक्त वाळण्याच्या वाटेचा.

कारण समजून घ्यायला मला वेळ लागला. बाटलीतलं द्रावण दिसायला निवळ असलं तरी ते साखरेच्या पाण्यासारखं खरं द्रावण नसतं. त्यात साखळ्या गुच्छ करून बसलेल्या असतात. टेफ्लॉनचे कणे आत लपलेले, आम्लाची टोकं बाहेर. अल्कोहोल ८०-९० अंशांच्या आसपास उकळतं, साध्या हवेतही भराभर उडतं. ते उडालं की गुच्छ एकमेकांजवळ येतात, टेकतात आणि तिथेच गोठतात. एका गुच्छातली साखळी शेजारच्या गुच्छात शिरायला वेळच मिळत नाही. बाहेरून एकसंध फिल्म दिसते, आत मात्र शेजारी शेजारी रचलेल्या, चुना न लावलेल्या विटा. वाळताना अंग आकसतं, ताण येतो, आणि भेग बरोबर दोन गुच्छांच्या मधून धावते, कारण तिथे तिला अडवायला कुणी नसतं.

द्रावक म्हणून वापरायचं डायमिथाइल सल्फॉक्साइड १८९ अंशांना उकळतं. ते घातलं की गुच्छ सैल होतात. वर ओव्हनची उष्णता असेल तर साखळ्यांना हलायला जागा मिळते. द्रावक सावकाश निघून जातो आणि जाता जाता साखळ्या एकमेकींत गुंततात. टेफ्लॉनच्या कण्यांचे काही भाग शिस्तीत शेजारी बसून बारीक स्फटिक करतात, ते खिळ्यांचं काम करतात. पुढे अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉनचा झोत टाकून वेगवेगळ्या द्रावकांतले हे गुच्छ तपासले गेले, तेव्हा नुसत्या द्रावकाच्या निवडीने फिल्मच्या चिवटपणात हजारो पटींचा फरक पडतो असं दिसलं. त्या आकड्याने मी हादरले होते. आपण नवं पॉलिमर बनवण्यासाठी वर्षं घालतो, आणि असलेल्या पॉलिमरला नीट वाळवायला एक रात्र द्यायला कुरकुरतो.

दुसरी ताटली मी जिवापाड जपून केली. आधी कॉस्टिक घालून आम्ल सोडियमच्या रूपात नेलं, कारण आम्ल तसंच राहिलं तर गरम द्रावकाशी भांडतं आणि फिल्म काळवंडते. अल्कोहोल बरंचसं उडवून सल्फॉक्साइड मिसळलं. ओव्हनची जाळी सपाट नव्हती. इमारतीत डागडुजीचं काम चाललं होतं, तिथल्या गवंडीकाकांकडे गेले आणि त्यांची पाणसळ मागितली. ते म्हणाले, "कुठलं बांधकाम काढलंय ताई?" मी ताटली दाखवली. ते स्वतः वर आले, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत जाळीखाली कागदाच्या घड्या सरकवल्या, मग बोट ताटलीच्या काठावरून फिरवून म्हणाले, "आता कुठंबी टाका, सारखंच पसरंल." ओव्हन १६० अंशांवर लावला. वाफा ओढून नेणारा फ्यूम हुड चालू असूनही खोलीभर कुजक्या कोबीसारखा, लसणासारखा वास भरला. मी रात्री उशिरापर्यंत थांबले. उष्णता बंद केली तरी दार उघडलं नाही. सकाळपर्यंत तिला आपोआप निवू दिलं.

सकाळी ताटलीत काही दिसेना. क्षणभर वाटलं, सगळं उडून गेलं. मग तिरप्या उजेडात काठ चमकला. पाणी ओतलं तसं काचेपासून कडा सुटत गेल्या, आणि एक अखंड गोल पापुद्रा पाण्यावर तरंगायला लागला. प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचलला. घडी घातली, उलगडली. दोन बोटांत धरून ताणला. तो लांबला आणि लांबलेलाच राहिला, पांढरी रेघ न उमटता. सरांना दाखवायला धावत गेले. त्यांनी तो तळहातावर ठेवला. हाताचा ओलावा लागताच पापुद्रा एका बाजूने पाणी पिऊन बोटांकडे वळायला लागला. सर काही बोलले नाहीत, बघत राहिले. मीही.

चिवट फिल्म मिळाली म्हणजे काम झालं असं मला तेव्हा वाटलं होतं. ती घटात बसवल्यावर कळलं की पडदा एका मोठ्या ताणाने मरत नाही. तो रोजच्या वाळण्या-भिजण्याने मरतो.

माझं आजोळ साताऱ्याकडचं. गोठ्याच्या भिंतीला आजोबांची जुनी मोट टांगलेली असायची. विहिरीवर इंजिन बसून कैक वर्षं झाली होती, धावेवर गवत माजलं होतं, पण आजोबा दरवर्षी पावसाळ्याआधी मोट खाली काढायचे आणि तिला तेल पाजायचे. मी विचारलं होतं, वापरायची नाही तर तेल कशाला? ते म्हणाले, "मोट पानी वढून फाटत न्हाय बाय. वाळून फाटती. सुगीत बैलं सोडली की चार दिस उन्हात पडली, का मग पुन्यांदा पान्यात घातली, की शिवणीपाशी इरती." ओल्या चामड्याने अंग पसरलेलं असतं, वाळताना ते आकसतं, शिवण मात्र आकसू देत नाही. ताण शिवणीपाशी साठतो. कितीतरी वर्षांनी मी मेलेले घट उघडून पडदे भिंगाखाली धरायला लागले, तेव्हा बहुतेक चिरा मला चौकटीच्या काठालगत सापडल्या, जिथे पडदा पकडलेला असतो आणि त्याला हलायची मुभा नसते.

गाडी सुरू झाली की घटात पाणी तयार होतं, पडदा भिजतो आणि पसरू बघतो, पण दोन्ही बाजूंनी दाबलेला असल्यामुळे सुरकुततो. गाडी थांबली, कोरडी हवा गेली, की आकसू बघतो आणि ताणला जातो. प्रत्येक सिग्नलला थोडं, प्रत्येक रात्री पुरतं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने यासाठी ठरवलेली एक चाचणी आहे. ८० अंशांवर दोन मिनिटं कोरडा वायू, दोन मिनिटं दमट वायू, अशी वीस हजार आवर्तनं आणि पडदा गळता कामा नये. हिशेब केला तर हे पंचावन्न दिवस अहोरात्र चालतं. वीज तयार करायचीच नाही, नुसतं वाळवायचं आणि भिजवायचं. ज्या पडद्यांचे ताणाचे आकडे देखणे असतात, तेही इथे पाच-सहा हजारांवर बसलेले मी पाहिलेत.

त्यात भर रसायनांची. थोडा वायू पडद्यातून झिरपतोच, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. लोखंडाचा अंश जवळ असला की त्यापासून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे चटकन झोंबणारे अर्धवट रेणू, बनतात आणि ती साखळीच्या उघड्या टोकापासून कुरतडायला सुरुवात करतात. घटातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड किती, हे मोजून पडदा किती झिजला ते ओळखता येतं. याची शिक्षा मला माझ्याच हातून मिळाली. फिल्म स्वच्छ करायला ती पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात उकळतात. एकदा प्लॅस्टिकचा चिमटा सापडेना म्हणून मी स्टीलचा वापरला, त्याच्या सांध्यात गंज होता. द्रावण भसाभस फेसाळलं. फिल्मवर डोळ्यांना काहीच दिसलं नाही, म्हणून ती मी घटात घातली. दोन आठवड्यांनी ती फुटली, जिथे चिमट्याने धरली होती बरोबर तिथे. त्या घटावर चार महिन्यांचं काम अवलंबून होतं, आणि शोधनिबंधात त्याची ओळही आली नाही. आता माझ्या प्रयोगशाळेत फिल्मच्या टेबलावर धातूचा चिमटा ठेवत नाहीत.

कुरतडलेल्या साखळ्या आखूड होतात, आखूड साखळ्या नीट गुंतत नाहीत, आणि पडदा पुन्हा माझ्या पहिल्या ताटलीकडे सरकतो. रसायन आणि ताण असे हातात हात घालून येतात. म्हणून पडद्यात थोडं सेरियम या धातूचं संयुग घालतात. ते मूलकांना गाठून निवारतं आणि पुन्हा पूर्वपदावर येतं. आणि ताणासाठी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती अमेरिकी अभियंते बॉब गोर यांची. १९६९ मध्ये ते टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होते आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक कांडी एकदम हिसकली, आणि ती न तुटता कित्येक पट लांबली. आत सूक्ष्म तंतूंची जाळी तयार झाली होती. त्या जाळीत आयन वाहणारं पॉलिमर जिरवलं की पडदा पाणी पितो, पण लांबी-रुंदीत फुगायला जाळी त्याला देत नाही, जाडीत काय ते फुगू देते. काठाशी साठणारा ताण त्यामुळे खूपच उतरतो. टोयोटाच्या २०१४ च्या मिराई मोटारीत असाच जाळीचा पडदा आहे.

जाळीमुळे प्रश्न सुटला असं म्हणणारे मला भेटतात. मला ते पटत नाही. जाळीच्या दोन तंतूंच्या मध्ये पॉलिमर एकटंच असतं, आणि पहिली चीर तिथेच जन्मते. ते पॉलिमर स्वतः चिवट नसेल तर जाळी शाबूत राहते आणि वायू मधून गळतो.

आज हा विषय पुन्हा नव्याने उघडला आहे, कारण फ्लोरिनच्या ज्या दुव्यांनी नॅफिऑनला तारलं, तेच दुवे निसर्गातही तुटत नाहीत. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी अशा पदार्थांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. थ्रीएम कंपनीने त्यांचं उत्पादन २०२५ अखेर थांबवायचं जाहीर केलं. ही काळजी रास्त आहे, आणि मी आयुष्य फ्लोरिनच्या फिल्मवर काढलं म्हणून ती नाकारणार नाही. फ्लोरिनशिवायचे, सुगंधी वलयांच्या, म्हणजे बेन्झीनसारख्या कड्यांच्या, कण्याचे पडदे बनतात, वीजही छान वाहून नेतात. पण वाळले की करकरीत आणि भिजले की फोफसे. पीईईके नावाच्या प्लॅस्टिकला सल्फ्युरिक आम्लात ठेवून असे पडदे आम्हीही केले. आम्लात थोडं जास्त वेळ राहिलेला एक पडदा ८० अंशांच्या पाण्यात टाकला तर तासाभरात त्याची खीर झाली. मग साखळ्यांना रासायनिक गाठी मारून बघितलं. फुगणं थांबलं, पण वाळल्यावर बोटांच्या दाबानेही तडा जायला लागला. घट्ट बांधलेल्या साखळ्यांना सरकायला वाव उरत नाही, आणि चिरेच्या टोकाशी ऊर्जा गिळायची तर सरकायला वाव लागतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी बनवलेली इंधनघटाची बस पुण्यात दाखवली गेली, तेव्हा मला अभिमान वाटला, आणि लगेच मनात आलं ते चैत्रातल्या कोरड्या दुपारी उभ्या केलेल्या बसमधल्या पडद्याचं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं: २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. तो हायड्रोजन पाण्यापासून काढायचा तर पडदेच लागणार, तेही एका बाजूला तीस-तीस बारचा, म्हणजे हवेच्या तीसेक पट, दाब सोसणारे. सूर्याच्या विजेवर ते चालणार म्हणजे रोज संध्याकाळी थांबणार, रोज सकाळी सुरू होणार. रोजची मोट.

म्हणून माझी कळकळीची तक्रार आहे. तपासायला येणारे शोधनिबंध वाचते, तर वीजवहनाचे अंक दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दिलेले असतात आणि चिवटपणाला एक ओळ, तीही कोरड्या पट्टीच्या एका चाचणीवर. चीर दिलेली पट्टी नाही, भिजवून वाळवलेली पट्टी नाही. ज्या मुला-मुलींनी ते काम केलेलं असतं त्यांना ताणाचं यंत्र मिळत नाही, वेळ मिळत नाही, आणि वीजवहनाचा अंक मोठा आला की निबंध छापून येतो. मी प्रत्येक वेळी शेरा लिहिते: फिल्म कशातून ओतली, किती अंशांवर वाळवली, किती वेळात निवू दिली, ते लिहा. शंभर भिजवण्या करून पुन्हा ताणा. पुष्कळदा उत्तर येतं की हे या कामाच्या कक्षेत बसत नाही. तरी मी लिहिते.

गेल्या महिन्यात जुन्या वह्या आवरताना एका पाकिटात ती दुसऱ्या ताटलीतली फिल्म सापडली. हवेतली काहीबाही संयुगं शोषून ती चहाच्या रंगाची झाली होती. माझी विद्यार्थिनी शेजारीच होती. तिने विचारलं, "मॅडम, ही टाकून द्यायची?" मी तिला पातळ पेरॉक्साइड तापवायला सांगितलं. प्लॅस्टिकचा चिमटा तिने न सांगता उचलला. तासाभराने रंग उतरला. मग पातळ आम्लात, मग शुद्ध पाण्यात, दोनदा. कडेची एक पट्टी कापून तिने ब्लेडने चीर दिली आणि यंत्राच्या जबड्यांत धरली. रेषा चढली, वाकली. चिरेचं टोक उघडून गोल झालं, आणि गोलच राहिलं. आम्ही दोघी खुर्च्या ओढून बसलो आणि रेषा पुढे जाताना बघत राहिलो.